खालिद जमील : कूपरेज ते टीम इंडिया, व्हाया ऐझॉल

कूपरेजचा_कट्टा (१९ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९:१०)

काल ढाक्यात आशियाई कपच्या फुटबॉल पात्रता फेरीत ०-१ हरलो. बांगलादेशकडून याआधी हरलो होतो ते २००३ साली. सुरुवातीलाच गोल खाल्ला आणि मग उरलेला सगळा वेळ नुसती धावपळ. आज उठल्यापासून प्रत्येक ग्रुपवर आपला कोच खालिद जमीलबद्दल एकच घोष, 'खालिदला घालवा'. म्हणून धागा काढतोय.

मी या माणसाला खेळताना पाहिलंय. महिंद्रा युनायटेडची लाल जर्सी, मधल्या फळीत, अंगाने किरकोळ, पण बॉल पायात आला की घाई नाही. चर्चगेटला उतरून चालत कूपरेजच्या फुटबॉल मैदानावर जायचं. शेजारच्या बागेत पोरांना फिरवायचे घोडे असायचे, वारा फिरला की लिदीचा वास थेट स्टँडमध्ये. त्या वासात मी अर्धं मुंबई फुटबॉल पाहिलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म कुवेतचा, १९७७ चा. आखाती युद्धाच्या सुमारास घरचे भारतात आले. मुंबईत महिंद्रा, एअर इंडिया, परत महिंद्रा. १९९८ पासून काही वर्षं भारताकडूनही खेळला. २००७ ला नव्यानेच निघालेल्या मुंबई एफसी क्लबमध्ये गेला, पण दुखापतींनी खेळणं फारसं होऊच दिलं नाही. २००९ ला त्याच क्लबने त्याला थेट कोच केलं. वय ३२. त्याच्या टीममधले काही जण त्याच्याच बरोबरीचे असतील.

पुढे मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग (तेव्हाची देशातली अव्वल लीग) जिंकून दिली, आणि यंदा १ ऑगस्टला भारताचा कोच झाला. १७० अर्जांतून. शेवटच्या तिघांत भारताचे माजी कोच स्टीफन कॉन्स्टंटाइनही होते.

तर प्रश्न असा: हा गरीब टीमचा चांगला कोच आहे, की नुसताच चांगला कोच? दोन्हीत फरक आहे असं मला वाटतं. तुम्हाला?

फुकटचा_रेफ्री (९:३२)

'खेळाडूचा मॅनेजर झाला' असं कुणीतरी ग्रुपवर टाकलं म्हणून आलो. मला वाटलं बँकेत प्रमोशन झालं. आमच्याकडे फुटबॉलपटू तिथेच मॅनेजर होतात. बाकी चालू द्या.

बालेवाडीकर (९:५०)

कट्टा, मध्यंतरी कूपरेजचं काम चालू होतं तेव्हा मुंबई एफसी घरचे सामने आमच्याकडे बालेवाडीला खेळायची. एवढं अवाढव्य स्टेडियम आणि माणसांपेक्षा कबुतरं जास्त. त्यामुळे झालं काय, की कोच जे बोलेल ते सगळं ऐकू यायचं. खालिद नव्वद मिनिटं बसायचाच नाही. सतत नावं. 'मागे ये', 'लाइन धर', 'आत नको'. हिंदीत, आणि प्रत्येकाला नावाने. एकदा त्यांचा राइट बॅक आमच्या बाजूला थ्रो-इन घ्यायला आला. तो कोचकडे न बघताच 'हां सर, हां सर' म्हणत होता, सासूबाईंचा फोन चालू असल्यासारखा.

पण खेळ? अहो, झोप यायची. लांब बॉल मारा, डोकी आपटा, एक गोल झाला तर दरवाजा लावून आत बसा. मी पुणे एफसीवाला. डेरिक परेरांची टीम २०१२-१३ ला लीगमध्ये दुसरी आली होती, ती पाहायला मजा यायची. मुंबई एफसी बघणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरी जेवायला जाऊन खिचडी मिळणं.

अनघा_के (१०:०५)

खिचडीने माणूस मरत नाही. मुंबई एफसी त्या सात वर्षांत एकदाही खालच्या श्रेणीत गेली नाही, हे विसरू नका. २०१६ ला त्याला काढलं. पुढच्याच हंगामात क्लब तळाला गेला, श्रेणी घसरली आणि नंतर क्लबच बंद पडला. आणि त्याच हंगामात इकडून काढलेला माणूस ऐझॉलला घेऊन चॅम्पियन. इतका सरळसोट सूड सिनेमात दाखवला तर लोक म्हणतील, काहीही दाखवता.

कूपरेजचा_कट्टा (१०:११)

अनघा, +१. आणि जाताना सोबत कुणाला नेलं बघा: जयेश राणे, आशुतोष मेहता. दोघेही मुंबई एफसीतले. मुंबईला नको झालेला कोच, मुंबईला नको झालेली पोरं, आणि ट्रॉफी मिझोराममध्ये.

हांव_गोंयकार (१०:४०)

आमचा वाटा विसरू नका हां. २०१५-१६ ला ऐझॉल नऊ टीममध्ये आठवी आली आणि खाली गेली होती. नववी कोण? पुण्याची डीएसके शिवाजीयन्स. ती पात्रता स्पर्धा न खेळता थेट आत घेतलेली, म्हणून तिला संरक्षण, आणि खाली गेली आठवी. मग साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या आमच्या क्लबांनी वैतागून लीग सोडली, म्हणून ऐझॉलला परत आत घेतलं. म्हणजे खालिदची ट्रॉफी गोव्याच्या रागातून आलीय. गोलकीपर अल्बिनो गोम्स, तोही आमचाच.

बाकी तुम्ही मुंबईवाले खालिद-खालिद करता. भारताचा याआधीचा भारतीय कोच कोण होता? साव्हियो मदेरा. गोंयकार. साळगावकरचा खेळाडू, मग कोच. २०११ ला दक्षिण आशियाई देशांचा सॅफ चषक जिंकून दिला. त्यानंतर १३ वर्षं सगळे परदेशी. त्याच्यावर धागा कुणी काढला नाही.

फुकटचा_रेफ्री (१०:४४)

काढा की तुम्ही. जेवून झोपल्यावर काढाल म्हणा.

हांव_गोंयकार (१०:४७)

सुशेगाद काढीन. घाई मुंबईकरांना, म्हणून तर लोकलला लटकतात.

मुक्काम_पोस्ट_डोंगर (दुपारी १२:२०)

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहायलाच हवं. २०१६ ते १८ मी नोकरीनिमित्त ऐझॉलला होतो. मूळचा साताऱ्याचा. तिकडे जाताना फुटबॉल म्हणजे टीव्हीवर अर्जेंटिना, एवढंच माहीत.

राजीव गांधी स्टेडियम गावाबाहेर मुआलपुईला, डोंगर कापून केलेलं. सपाट जागा मिळणंच तिथे नवल. कृत्रिम गवत, पलीकडे दरी, आणि मॅच असली की उतारावरच्या घरांच्या गच्च्यासुद्धा भरलेल्या. म्हाताऱ्या बायका पाठीला नातवंडं बांधून यायच्या. रेफ्रीला शिव्या नाहीत, बाटल्या फेकणं नाही.

२२ एप्रिल २०१७, कोलकात्याच्या मोहन बागानविरुद्ध. शेवटून दुसरी मॅच. दोन्ही टीमचे गुण सारखे. ८३ व्या मिनिटापर्यंत ०-०. मग कॉर्नर, आणि झोमिंगलियाना राल्टेचं हेडर. स्थानिक पोरगा, बचावफळीतला. माझ्या शेजारी एक शाळामास्तर होते, अख्खी मॅच तोंडातून शब्द नाही. त्यांनी माझा हात असा दाबला की घड्याळाचा पट्टा तुटला. पट्टा अजून ठेवलाय.

शेवटची मॅच शिलाँगला, ३० एप्रिल. बरोबरी पुरणार होती. तो रविवार होता, आणि ऐझॉलमध्ये रविवार म्हणजे चर्च, बाकी सगळं बंद. दुकान नाही, हॉटेल नाही, टॅक्सी नाही. आम्ही घरमालकांच्या बैठकीत टीव्हीसमोर. शिलाँग लाजोंगने नवव्या मिनिटाला गोल केला. तिकडे कोलकात्यात बागानचीही मॅच चालूच होती. मध्यंतराला घरमालकीणबाईंनी चहा आणला, कुणी उचलला नाही. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने १-१ केलं. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. ३७ गुण. बागानचे ३६.

एरवी त्या गावात ट्रॅफिक जाममध्येही कुणी हॉर्न वाजवत नाही. त्या रात्री वाजवले.

खालिदबद्दल एवढंच सांगतो, की तिथल्या लोकांना तो 'आपला' वाटायचा, आणि तो तर बोलायचासुद्धा नाही! त्याला मिझो येत नाही, पोरांना हिंदी बेताची. घरमालक म्हणायचे, 'कमी बोलतो आणि लवकर उठतो, म्हणजे चांगला माणूस.'

अनघा_के (१२:३१)

दंडवत. पट्ट्याचा फोटो टाका.

पेठेतला_पैलवान (१:०५)

डोंगरवाले दादा, लै भारी लिवलंसा. आता कोल्हापूरचं ऐका. तुमी सगळी आय-लीग न् ती नवी मोठी लीग आयएसएल बोलायलाय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची मॅच असली की पेठेत बाजार बंद. कोच कोण? कालपर्यंत जो त्याच तालमीकडनं खेळायचा तोच. गुडघा गेला की शिट्टी गळ्यात. पगार? वडापाव न् मान. आमच्यात प्रत्येक पेठेत एक खालिद जमील बसलाय, त्येला कुनी विचारत न्हाई.

अनिकेत जाधव आमचाच, १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला २०१७ ला. पोरं हाईत. पर मैदानाभाईर काढणारा कोच पायजे, आन् कोचला लायसन पायजे, आन् लायसनला पैसा पायजे. नाद खुळा हाय पर खिसा रिकामा.

बालेवाडीकर (१:१५)

पैलवान, मुद्दा बरोबर आहे. एएफसीच्या (आशियाई फुटबॉल महासंघाच्या) लायसनच्या पायऱ्या डी, सी, बी, ए आणि मग प्रो. वर्षं जातात, पैसे जातात, आणि त्या काळात घर कुणी चालवायचं? खालिदने क्लबची नोकरी सांभाळत हे केलं. आणि आयएसएलमध्ये इतकी वर्षं भारतीय माणूस म्हणजे सहायक. परदेशी साहेबाशेजारी वही घेऊन बसायचं. खालिदही नॉर्थईस्ट युनायटेडला असाच सहायक होता. २०२१ च्या सुरुवातीला साहेब गेले, त्याला 'तात्पुरता' केलं. आणि पठ्ठ्या साखळीत एकही मॅच न हरता टीम सेमीफायनलला घेऊन गेला. मग कायम झाला. आयएसएलमधला पहिला भारतीय पूर्णवेळ मुख्य कोच.

आकडेमोड (१:४०)

सगळे भावनेत वाहत चाललेत, म्हणून थोडं थंड पाणी.

त्याच नॉर्थईस्टबरोबर पुढच्या पूर्ण हंगामात तो ११ पैकी दहावा आला. ईस्ट बंगालसारखा मोठा, पैसेवाला क्लब मिळाला २०१७-१८ ला, तिथे चौथा. सुपर कपच्या फायनलला गेला आणि बंगळुरूकडून १-४. नंतर मोहन बागानला मध्येच गेला, तिथेही काही हाती लागलं नाही. जमशेदपूरला पुन्हा जमलं. तळाकडची टीम घेतली, २०२४-२५ ला पाचवी आणली, प्ले-ऑफमधून सेमीफायनल, सुपर कपची फायनल (तीही गोव्याकडून ०-३).

म्हणजे धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांतच आहे. अपेक्षा कमी असलेली टीम द्या, हा वर नेतो. अपेक्षा जास्त असलेली द्या, हा अडकतो. भारताची टीम कुठल्या खान्यात बसते? १४० कोटींच्या अपेक्षा आणि मुंबई एफसीचं बजेट.

हांव_गोंयकार (१:४४)

०-३ चा उल्लेख केल्याबद्दल देव बरें करूं.

कूपरेजचा_कट्टा (१:५०)

गोंयकार, २०१९ ची आयएसएल फायनल आठवते का? मुंबईत. एक्स्ट्रा टाइम. ११७ वं मिनिट. बंगळुरूच्या राहुल भेकेचं हेडर, आणि गोवा गारद. तो भेके कुठून वर आला? खालिदच्या मुंबई एफसीतून.

हांव_गोंयकार (१:५२)

मी जेवायला चाललो.

लेजर_बुक (३:१५)

रेफ्रीने गंमत केली, पण मला ती लागली. माझे वडील खरंच तसेच मॅनेजर झाले.

सत्तरच्या दशकात मुंबईत फुटबॉल खेळायचा म्हणजे ऑफिसकडून. बँका, रेल्वे, गिरण्या, खतांचे कारखाने, विमान कंपनी. वडील एका बँकेच्या टीममध्ये लेफ्ट विंगर. सकाळी सराव, अकराला काउंटरवर. पावसाळ्यात लीग असायची, त्यामुळे आईची कायम तक्रार, की चिखलाचे मोजे आणि ऑफिसची पँट एकाच पिशवीत. वडील जायबंदी झाले तेव्हा त्यांना एका स्थानिक क्लबने कोच होतोस का म्हणून विचारलं होतं. आजोबा म्हणाले, 'पेन्शन आहे का?' विषय संपला. वडील शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. चांगलंच झालं म्हणायचं, आम्ही शिकलो. पण टीव्हीवर मॅच लागली की अजूनही ते विंगरला ओरडतात, 'अरे आत बघ, आत!' आणि मग गप्प होतात.

सांगायचं हे, की खालिदही एअर इंडियाकडून खेळला. बिमल घोषांच्या हाताखाली. (घोषसरांना २०२२ ला द्रोणाचार्य मिळाला, फार उशिरा.) तिथून सुरक्षित वाटेने जाणारे पुष्कळ होते. हा गेला नाही. ३२ व्या वर्षी, दर हंगामाला मान कापली जाऊ शकेल अशी नोकरी धरली. मला त्याच्या ट्रॉफीपेक्षा याचं जास्त वाटतं.

फुकटचा_रेफ्री (३:२२)

लेजर, माफी. थट्टा मागे घेतो. बाबांना नमस्कार सांगा.

अनघा_के (३:४०)

खालिदबद्दल अजून एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. खेळाडू असताना कोलकात्याच्या दोन्ही मोठ्या क्लबांकडून बोलावणं होतं, पण त्यांच्या जर्सीवर दारू कंपन्यांचं नाव, म्हणून गेला नाही. त्या काळात कोलकात्याला नाही म्हणणं म्हणजे नाटकवाल्याने शिवाजी मंदिरला नाही म्हणण्यासारखं.

आकडेमोड (३:५५)

माणूस सरळ आहे हे मान्यच. मी खेळाबद्दल बोलतोय. भारताच्या मॅचमध्ये मधल्या फळीतून तीन पास सलग दिसले तर सांगा.

बालेवाडीकर (४:१०)

आकडेमोड, मीच खिचडी म्हणणारा, तरी इथे त्याची बाजू घेतो. ऑगस्टमध्ये नेमणूक, आणि महिन्याच्या आत ताजिकिस्तानला मध्य आशियाई देशांचा काफा नेशन्स कप. मोहन बागानने खेळाडू सोडले नाहीत, फिफाची विंडो (क्लबांनी खेळाडू देशाला द्यायचे ठरलेले दिवस) नाही म्हणून. उरलेल्यांना घेऊन गेला. पहिल्याच मॅचला ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१. पहिला गोल कसा? जमशेदपूरचा त्याचा उवैस, लांब थ्रो-इन, अन्वर अलीचं डोकं, पाचवं मिनिट. मला बालेवाडीच आठवली! इराणकडून हरलो, अफगाणिस्तानशी बरोबरी, आणि मग तिसऱ्या जागेसाठी ओमानला पेनल्टीवर हरवलं. ओमानला आपण त्याआधी कधी हरवलंच नव्हतं.

म्हणजे दहा दिवस सगळे एकत्र मिळाले तर त्याला जमतं.

हांव_गोंयकार (५:०५)

जेवून, झोपून आलो. आता गंभीर.

१४ ऑक्टोबरला मी इथे गोव्यात फातोर्ड्याला होतो, सिंगापूरविरुद्ध. त्याआधी तिकडे सिंगापूरला १-१ केलं होतं, बचावफळीतल्या झिंगनला रेड कार्ड मिळूनही. ९० व्या मिनिटाला रहीम अलीने बरोबरी साधली. म्हणून फातोर्ड्याला आशा होती. आपल्या छांगटेने लांबून काय गोल मारला, अख्खा स्टँड उभा! मध्यंतराच्या तोंडावर १-१, नंतर १-२. सिंगापूरचे दोन्ही गोल सोंग उई-यंगचे. झिंगन निलंबित, मागे कुणी ओरडणारा नाही. आशियाई कपचं दार तिथेच बंद झालं. काल ढाक्यात नुसती औपचारिकता होती.

मी बेंचच्या मागे बसलो होतो. बालेवाडीकरांनी जे सांगितलं ना, नावं घेऊन ओरडणं, ते मला दिसलं. पण फातोर्ड्यात लोक होते, ढोल होते. तो ओरडत होता आणि दहा मीटरवरच्या माणसालाही ऐकू जात नव्हतं. दुसरा गोल झाल्यावर तो ओरडायचा थांबला. हात मागे बांधून नुसता उभा.

मुक्काम_पोस्ट_डोंगर (५:३०)

हे वाचून बरं नाही वाटलं.

पेठेतला_पैलवान (५:४५)

आन् लीगच बंद पडलीया की! आयएसएलचा करार संपाय आला, यंदाचा सीझन सुरूच न्हाई. पोरांस्नी मॅचा न्हाईत. आमच्या तालमीची पोरं यापेक्षा जास्त मॅच खेळत्यात. भुकेल्या बैलाला शर्यतीला जुंपायचं न् गाडीवानाला चाबूक मारायचा, ह्यो कुठला न्याय?

आकडेमोड (६:००)

पैलवानाशी पहिल्यांदा सहमत. आणि तो आला तेव्हाच दोन मॅचमध्ये एक गुण होता, हेही नोंदवतो. आधीचे कोच मानोलो मार्केझ गेले ते हाँगकाँगकडून हरून. पण कालच्या ढाक्यातल्या पराभवाचा बचाव नाही. तिथे विंडो होती, कॅम्प होता.

कूपरेजचा_कट्टा (रात्री ९:२०)

ऑफिसातून आत्ता घरी आलो, सगळं एका दमात वाचलं.

सकाळी प्रश्न टाकला तेव्हा माझं उत्तर तयार होतं, ते आता थोडं हललंय. मला वाटत होतं, गरीब टीम हेच त्याचं बलस्थान. पण बालेवाडीची कबुतरं, ऐझॉलच्या घरमालकांचं 'लवकर उठतो', कोरोनाकाळात गोव्यातल्या बंद बबलमधलं नॉर्थईस्ट, जमशेदपूर, सगळीकडे एकच दिसतं. हा रोजचा कोच आहे. ऐझॉलमध्ये त्याला तीच पोरं, तेच मैदान, महिनोन्महिने मिळालं. देशाच्या कोचला मिळतात वर्षाकाठी चार-पाच विंडो, प्रत्येकी आठ-दहा दिवस. सकाळी लवकर उठून करायचं काय, टीमच समोर नाही. तेव्हा 'घालवा' म्हणणाऱ्यांत मी नाही, पण 'त्याला हवं ते काम मिळालं' असंही आता म्हणवत नाही.

आणि एक सल आहेच. स्टीवन डायस आपला, जमशेदपूरला त्याचाच सहायक होता. जयेश राणे आपला, भेके आपला. सगळे एकाच बंद पडलेल्या क्लबमधून गेलेले. महिंद्राही २०१० ला बंद. मुलाला घेऊन मध्यंतरी कूपरेजला गेलो होतो, एक जिल्हा लीगची मॅच चालू होती. त्याने विचारलं, 'बाबा, इथे कोण मोठं खेळायचं?' मी चार नावं सांगितली, त्याला एकही माहीत नव्हतं. खालिदचं म्हटल्यावर म्हणाला, 'तो कोच आहे ना? तो खेळायचा पण?'

फुकटचा_रेफ्री (९:३१)

घोडे होते का?

कूपरेजचा_कट्टा (९:३३)

नाहीत रे.

लेजर_बुक (९:५०)

वडिलांना धागा वाचून दाखवला. म्हणाले, रविवारी कूपरेजला काही आहे का बघ. कुणाला वेळापत्रक माहीत आहे का? व्हीलचेअर आत नेता येते का तेही सांगा.

अनघा_के (९:५४)

मी चौकशी करून उद्या कळवते. मीही येते.

हांव_गोंयकार (१०:१५)

मांडवी एक्स्प्रेसचं तिकीट बघतोय. जेवणाची सोय काय?

बालेवाडीकर (१०:१७)

खिचडी.